तीन मिनिटांची बासरी

दत्तराव गुरुजींना आयुष्यात दोन गोष्टी कधी जमल्या नाहीत. एक सायकल, आणि दुसरी, लोकांनी दुसऱ्याचं केलेलं कौतुक. सायकलचा नाद त्यांनी एकदा गुडघा फोडून घेतल्यावर सोडला. कौतुकाचं तसं नव्हतं. पालमच्या लोकांना कौतुक करायला फुरसत भरपूर होती, आणि ते नेमके गुरुजींच्या समोरच करायचे.

चौऱ्याऐंशी सालच्या ऑगस्टात हेडमास्तर भगवानराव हातात एक पातळ पुस्तिका घेऊन सातवीच्या वर्गात आले. रेडिओवर दर गुरुवारी बाराला शाळेसाठी पाठ लागायचा, आणि पुढच्या दोन महिन्यांत कोणकोणते पाठ येणार ते या पुस्तिकेत छापलेलं असायचं. भगवानरावांचा चेहरा घरी पाळणा हलल्यासारखा फुलला होता.

"दत्तराव, बघा. तेवीस तारखेचा पाठ. 'गोदावरी: उगमापासून समुद्रापर्यंत.' सादरकर्ते कोण? आपला पंडित!"

"कोणता पंडित?" गुरुजींनी विचारलं. त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"कोणता काय? तुमच्याच वर्गातला. पिंगळीच्या शाळेवर हाय की आता. सगळा जिल्हा ऐकणार हो त्याला!"

वर्गातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजीही हसले, म्हणजे त्यांनी दात दाखवले. आत मात्र पोटात कुणीतरी ओली मिरची ठेचायला घेतली होती. पंडित! बाकाखाली लपून शेंगा खाणारा, नाक पुसायला बाही वापरणारा पंडित. आणि पाठ कोणता, तर गोदावरी.

गोदावरी ही गुरुजींची होती. असं कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं, पण गावात सगळ्यांना मान्य होतं. सव्वीस वर्षं ते सातवीला भूगोल शिकवत होते, आणि दरवर्षी एक दिवस असा यायचा की बाजूच्या वर्गातले मास्तरसुद्धा दारात येऊन उभे राहायचे. गुरुजी फळा स्वच्छ पुसायचे, खडू उचलायचे आणि त्र्यंबकपासून निघायचे. एका रेघेत. खडू फळ्यावरून न उचलता नाशिक, कोपरगाव, पैठण अशी नदी उतरत यायची, आणि पोरं एकेक गाव ओरडून सांगायची. गंगाखेडला, म्हणजे पालमच्या तालुक्याच्या गावी, रेघ थांबायची. खडू तिथंच टेकलेला, गुरुजी मागं वळून पोरांकडं बघायचे आणि म्हणायचे, "इथं आपण. पाणी प्या." आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळं पोरं ओंजळ करून खरोखर पाणी प्यायल्यासारखं करायची. मग रेघ पुन्हा हलायची, नांदेड, धर्माबाद, राजमहेंद्री, आणि शेवटी समुद्राशी तिला फाटे फुटायचे. ज्यांनी ते पाहिलं ते नदी जन्मात विसरले नाहीत.

आता ती नदी पंडित घेऊन चालला होता. तीही फळ्यावर नाही, हवेतून.

याच्या मागं आणखी एक दुखणं होतं आणि ते गुरुजींनी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. आदल्या वर्षी चष्म्याचा नंबर काढायला जातो म्हणून ते परभणीला गेले होते आणि सरळ रेडिओ केंद्रावर पोचले होते. पाठ द्यायला शिक्षक हवेत, आवाजाची चाचणी आहे, असं कळलं होतं. काचेच्या खोलीत त्यांना मायक्रोफोनपुढं बसवलं आणि सांगितलं, बोला. गुरुजी गोदावरी बोलायला लागले. "हे बघा, इथून ती अशी निघते, मग अशी वळते..." आणि त्यांचं बोट हवेत फिरत होतं, त्र्यंबकपासून पैठणपर्यंत. काचेपलीकडचे साहेब भले गृहस्थ होते. ते आत आले आणि हळू म्हणाले, "गुरुजी, आवाज छान आहे तुमचा. पण बोट रेडिओवर दिसत नाही हो."

परत येताना एसटीत गुरुजींनी दोन्ही हात मांडीखाली घालून बसून प्रवास केला होता.

म्हणजे जिथं त्यांना नाही म्हटलं तिथंच त्यांच्या शेंगाखाऊ पोराला हो म्हटलं होतं. आणि वर पुस्तिकेत एक ओळ होती. रात्रभर ती त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना: 'पाठ सुरू असताना वर्गशिक्षकांनी खडू घेऊन फळ्याजवळ उभे राहावे. सादरकर्ते सूचना देतील.'

"म्हणजे हा तिथं बसून बोलणार," सकाळी चहा पिताना ते बायकोला, कमलबाईंना, म्हणाले, "आणि मी हितं त्याचा गडी! ह्यो हुकूम सोडणार, मी रेघा वढणार!"

"आवो, तुमचंच लेकरू हाय ते," कमलबाई म्हणाल्या. "लेकरानं नाव काढलं तर कुनाला वाईट वाटतंय व्हय?"

"मला वाटायलंय," गुरुजी म्हणाले. खरं तर हे त्यांना मनात म्हणायचं होतं.

पाठाच्या आधीच्या रविवारी पंडित स्वतः आला. पँट-शर्ट, मनगटावर घड्याळ, केस मागं वळवलेले. बाहेर ओट्यावरच त्यानं वाकून नमस्कार केला आणि पिशवीतून रंगीत खडूंची पेटी काढून गुरुजींपुढं ठेवली.

"गुरजी, गुरुवारी ऐकताल ना?"

"ऐकावंच लागंल. वर्ग माझ्याकडंच हाय."

"फळा चांगला पुसून ठेवा. निळा खडू ह्यात हाय." पंडित हसत होता. काहीतरी सांगायचं तोंडावर आलंय आणि गिळतोय, असं ते हसू होतं. "लय मेहनत घेतली गुरजी मी त्या पाठावर. पाच येळा गेलो केंद्रावर. एकदा तर नामांतराच्या बंदमुळं एसटी न्हवती, तर पिंगळीहून सायकलवर गेलो."

सायकलवर! गुरुजींना तेही लागलं. पंडित शाळेत शिकवतो तिथली पोरं त्याला 'सर' म्हणतात, हे त्यांनी ऐकलं होतं. आपल्याला सव्वीस वर्षांत कुणी सर म्हटलं नाही. आणि आता हा आपल्यालाच खडू आणून देतोय, वर फळा पुसून ठेवायला सांगतोय. पंडित गेल्यावर त्यांनी पेटी न उघडता कपाटावर फेकली. कमलबाईंनी काही न बोलता ती त्यांच्या शाळेच्या पिशवीत घातली.

शाळेच्या रेडिओचा एक शिरस्ता होता. त्याला चार सेल लागत, आणि पाठ संपला की ते काढून घ्यायचे. आत राहिले तर पाणी सुटून रेडिओ खराब होतो, हे एक कारण. रेडिओ हेडमास्तरांच्या कपाटात राहायचा आणि तिथले सेल त्यांच्या बॅटरीत जायचे, हे दुसरं, न बोलण्याचं. म्हणून सेल वर्गशिक्षकाकडं, रुमालात बांधून. बुधवारी भगवानरावांनी मुद्दाम शाळेसमोरच्या चन्नबसप्पांच्या किराणा दुकानातून कोरे चार सेल आणून गुरुजींच्या हातात ठेवले. "खडखडीत आवाज आला पाहिजे उद्या. मी नाही ना इथं, मला गंगाखेडला मीटिंग हाय. तिथंच ऐकेन."

गुरुवारी सकाळी आंघोळ करून गुरुजींनी रुमाल सोडला. दोन कोरे सेल काढून सदऱ्याच्या खिशात टाकले, आणि घरच्या बॅटरीतले दोन मेलेले सेल रुमालात बांधले. हे करताना त्यांचा हात जराही थरथरला नाही, हे सांगायलाच पाहिजे. सव्वीस वर्षं फळ्यावर सरळ रेघ ओढलेला हात होता तो.

बारा वाजायच्या आधीच सातवीची पोरं गप्प बसली होती. असं एरवी परीक्षेलाही होत नसे. फळा कडूबाईनं पुसला होता. ही पुढच्या बाकावरची पोरगी, गावातल्या आश्रुबाची लेक, कामात चटपटीत आणि बोलण्यात त्याहून. गुरुजींनी रेडिओ टेबलावर ठेवला, चारी सेल घातले आणि बटण फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. कानाशी धरलं, थोपटलं, हलवलं. एखाद्या नाटकात त्यांना घेतलं असतं तर त्यांनी नाव काढलं असतं.

"बंद पडलाय," ते म्हणाले.

पोरांचा एकदम 'ओऽऽ' असा आवाज निघाला. कडूबाई उभी राहिली. "गुरजी, मी पळत जाऊन दुसरे सेल आनू? समोरच तर हाय दुकान."

"खाली बस. रेडिओच बिघडलाय, सेलाला काय धाड भरली? काही अडत न्हाई त्याच्यावाचून. गोदावरी मी शिकवतो."

आणि ते फळ्याकडं वळले. त्यांना वाटलं होतं, आज आपण अशी नदी काढू की पोरं रेडिओचं नाव विसरतील. पण शाळेचं कुंपण ते काय, आणि चन्नबसप्पांचा रेडिओ रस्त्यापलीकडं मोठ्यानं लावलेला. शब्द कळत नव्हते, आवाज येत होता. पंडितचा आवाज. चढत, उतरत, मधेच थांबत. पोरांच्या माना हळूहळू खिडकीकडं वळल्या. गुरुजींनी त्र्यंबकला खडू टेकवला आणि त्यांची रेघ नाशिकपर्यंतही गेली नाही. मोडली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी ती पुसली, खडू ठेवला आणि खुर्चीत बसले.

"पुस्तकातला पाठ मनात वाचा," ते म्हणाले.

थोड्या वेळानं पलीकडचा आवाज थांबला आणि बासरी सुरू झाली. गुरुजींनी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. बारा वाजून नऊ मिनिटं. पाठ वीस मिनिटांचा असतो, हे त्यांना माहीत होतं. म्हणजे नऊ मिनिटांत पंडितचं सामान संपलं! आता उरलेला वेळ भरायला केंद्रवाल्यांनी बासरी लावली! पाच वेळा केंद्रावर गेला म्हणे. गुरुजींना इतकं बरं वाटलं की त्यांनी पाय लांब केले. बासरी चालू होती, संथ, गोड, आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले. किती दिवसांनी त्यांचं पोट दुखायचं थांबलं होतं.

बासरीनंतर पुन्हा पंडितचा आवाज आला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. पण तोवर त्यांच्या मनानं निकाल लावून टाकला होता.

चारला शाळा सुटली. गुरुजी पिशवी घेऊन रस्त्यावर आले तर चन्नबसप्पा दुकानाच्या फळीवरून जवळजवळ उडी मारून खाली उतरले. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात तागडी तशीच.

"गुरुजी! काय इज्जत केली हो तुमची! काय इज्जत केली! माझ्या तर अंगावर काटा आला."

"कुणी?"

"कुणी म्हंजे? पंडितनं! ऐकलं न्हाई का?" आणि मग त्यांना आपणच सांगायची घाई झाली. "म्हणला, गोदावरी तोंडानं सांगता येत न्हाई. ती हातानं सांगायची असते. म्हणला, मला ज्यांनी शिकवली ते दत्तराव गुरुजी पालमच्या शाळेत ह्या घडीला फळ्यापुढं उभे असतील. म्हणला, आता मी गप बसतो. गुरुजी, आता तुमी शिकवा. आन् जिल्ह्यातल्या सगळ्या गुरुजींनी बी तशीच रेघ वढा, खडू न उचलता. आन् मग ती बासरी लागली बघा. तुमची नदी काढून होईस्तोवर."

गुरुजींनी वळून सातवीच्या खिडकीकडं बघितलं.

"आख्खं दुकान थांबलं व्हतं," चन्नबसप्पा म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणायले, तोलू नका, गुरुजी नदी काढायलेत तिकडं. मी शाळेकडंच बघत व्हतो. सेल चांगले निघाले ना? खडखडीत आवाज आला आसंल."

"अजून काय म्हणला तो?" गुरुजींनी विचारलं. "आठवून सांगा. शब्दाला शब्द."

चन्नबसप्पांनी डोकं खाजवलं. "आता शब्दाला शब्द कसा सांगू? गंगाखेडचं कायतरी म्हणला. पाणी प्यायचं. लय चांगलं व्हतं. आता काय, गेलं की ते हवेत."

खिशातले दोन सेल सदऱ्याला ओढत होते. आपण खरं सांगावं असं गुरुजींना एक क्षण वाटलं. पण तोंड उघडलं तेव्हा त्यातून निघालं ते असं: "रेडिओ लागलाच न्हाई. सेल बेकार निघाले."

चन्नबसप्पांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी गळ्यातल्या लिंगाच्या करंड्याला हात लावला. "न्हाई हो गुरुजी. लिंगाची आण, कोरा पुडा फोडून दिला मी. माझ्या सेलापायी तुमची..." आत जाऊन त्यांनी दोन नवे सेल आणले आणि नको नको म्हणत असताना गुरुजींच्या दुसऱ्या खिशात कोंबले. गुरुजी घरी निघाले तेव्हा त्यांच्या दोन्ही खिशांत चांगले सेल होते.

घरी कमलबाई वाट बघत दारात होत्या. शेजारच्या घरी त्यांच्यासकट आठ-दहा बायका रेडिओपुढं जमल्या होत्या. "तुमचं नाव आलं तवा माझ्याकडं बघायल्या समद्या. मी पदरच वढून घेतला तोंडावर." त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "पोरं काय म्हनली, तुमी काढत व्हते तवा?"

"काय म्हणणार?" गुरुजी म्हणाले आणि हातपाय धुवायला मागं गेले. बराच वेळ ते तांब्यानं नुसतं पाणी ओतत राहिले.

शुक्रवारी भगवानराव गंगाखेडहून आले ते मिठाई घेऊनच. तिथं ऑफिसातले कारकूनसुद्धा पेन ठेवून ऐकत होते, असं ते सांगत होते. सेल बेकार निघाल्याचं कळल्यावर ते भडकले. चन्नबसप्पाकडून इथून पुढं शाळेची एक वस्तू आणायची नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. गुरुजी खाली बघत मिठाई चघळत राहिले. तिची चव त्यांना लागली नाही.

त्यांना आता पंडितचा राग येत नव्हता. ज्याच्यावर जळायचं, त्यानंच सगळ्या जिल्ह्यासमोर आपल्याला फळ्यापुढं उभं केलं, आणि ती बासरी चालू असताना आपण काय केलं? पाय लांब करून बसलो. त्याची फजिती झाली म्हणून खूश झालो. जिल्ह्यातला प्रत्येक माणूस त्या वेळी आपल्या हाताचा विचार करत होता. एक आपणच करत नव्हतो. आता मत्सर वाटत होता तो चन्नबसप्पाच्या गिऱ्हाइकांचा. त्यांनी ऐकलं होतं. शेजारच्या बायकांनी, गंगाखेडच्या कारकुनांनी ऐकलं होतं. ते शब्द पुन्हा कधी लागणार नव्हते.

सोमवारी पोस्टमननं वर्गातच एक कार्ड आणून दिलं. पंडितचं अक्षर अजून तसंच, उजवीकडं कललेलं.

'गुरुजींना शिरसाष्टांग नमस्कार. पाठ कसा झाला ते कळवावे. एकच विचारायचे होते. तीन मिनिटे पुरली का? साहेब एकच मिनिट द्यायला तयार होते. रेडिओवर इतका वेळ बोलणे थांबवत नाहीत. मी म्हणालो, आमचे गुरुजी गंगाखेडला थांबतात, पोरांना पाणी पाजतात, एक मिनिटात कसे होईल? मग मी डोळे मिटून तुमची रेघ मनात काढून दाखवली आणि साहेबांनी घड्याळ लावले. तेवढी बासरी ठेवली. मागच्या वर्षी तुम्ही केंद्रावर आला होता हे साहेबांनीच सांगितले. ते म्हणाले, त्या गुरुजींचे बोट मला अजून आठवते.'

गुरुजींनी कार्ड दोनदा वाचलं. वर्ग त्यांच्याकडं बघत होता. पंडित रेडिओवर काय म्हणाला ते पोरांना घरोघरी आता कळलेलं होतं.

"गुरजी," कडूबाई म्हणाली, "ती नदी आमाला काढून दावा ना. आमी सोडून समद्यांनी काढली म्हनं."

गुरुजींनी पिशवीतून रंगीत खडूंची पेटी काढली. निळा खडू घेतला. भगवानरावांचं सेकंदकाट्याचं घड्याळ मागवून टेबलावर ठेवलं आणि कडूबाईला त्याच्याकडं बघायला सांगितलं. मग ते त्र्यंबकपासून निघाले. पोरं गावं ओरडत होती. गंगाखेडला रेघ थांबली, खडू टेकलेला, आणि ते मागं वळले. चाळीस ओंजळी वर झाल्या होत्या. "पाणी प्या," ते म्हणाले. नांदेड, धर्माबाद, राजमहेंद्री. समुद्र.

"किती झाली?" त्यांनी पाठ न वळवता विचारलं.

"तीन मिन्टं, गुरजी. बराबर तीन."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी फळ्याकडंच तोंड करून उभे राहिले, कारण त्यांना वळता येत नव्हतं.

मधल्या सुट्टीत ते रस्ता ओलांडून गेले आणि चन्नबसप्पांच्या फळीवर चार सेल मांडले. "दोन तुमी मला दिलेले. हे दोन तुमच्या पुड्यातले. चांगले व्हते. मीच काढून ठेवले व्हते. भगवानरावला मी सांगतो." चन्नबसप्पा सेलांकडं बघत राहिले, मग गुरुजींकडं. त्यांनी चारी सेल उचलून बाजूला ठेवले. रागावले असते तर गुरुजींना सोपं गेलं असतं.

तिथून ते पोस्टात गेले. कोरं कार्ड घेऊन, बाकावर बसून त्यांनी पंडितचं नाव लिहिलं. 'पुरली' एवढंच लिहिलं तरी खोटं नव्हतं. आत्ताच तर मोजली होती. त्यांनी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग एका दमात लिहिलं: 'पंडित, तुझी बासरी मी ऐकली. पण पाठ ऐकला नाही. रेडिओचे सेल माझ्या खिशात होते.'

खाली सही केली, आणि पुन्हा वाचायच्या आत कार्ड पेटीत टाकून दिलं.